कशाचा? आणि कशासाठी?

भुसावळहून वरणगावकडे निघाले की महामार्गावरूनच औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. त्या चिमण्यांच्या पायथ्याची वसाहत म्हणजे आमचे दीपनगर. महानिर्मितीचे ५०० मेगावॅटचे दोन संच इथे आहेत, आणि त्यांच्या जोडीला ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे. माझे यजमान केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पाळीने कामाला. मी डी.एड. केले, पण शाळेत नोकरी केली नाही. संध्याकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरते आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना गणित शिकवते. काही मुले वसाहतीतलीच, काही फेकरी-निंभोऱ्याकडून येतात. कुणाचे वडील केंद्रात कायम नोकरीला, कुणाचे ठेकेदाराकडे रोजावर, कुणाची आई केळीच्या बागेत मजुरीला जाणारी. फी नाही. सगळी मुले मला काकू म्हणतात.

बेरीज, वजाबाकी, पाढे यांत या मुलांचा हात चांगला चालतो. ती अडतात दोन ठिकाणी. एक अपूर्णांक, आणि दुसरे ‘जवळच्या दहापर्यंत लिहा’, ‘जवळच्या शंभरापर्यंत लिहा’ अशी उदाहरणे. पुस्तकात हे दोन विषय वेगवेगळे येतात. इतकी वर्षे मुलांजवळ बसून मला मात्र वाटते, की दोन्हींचे दुखणे एकच आहे. मूल आकडे पाहते, नियम आठवते आणि लावून मोकळे होते. आकड्यामागची वस्तू आणि आकड्यामागची गरज त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून मी दोन प्रश्न कायम धरून ठेवले आहेत. अपूर्णांक दिसला की विचारायचे, ‘कशाचा?’ आकडा जवळपासचा करायचा असला की विचारायचे, ‘कशासाठी?’

पहिला प्रश्न आधी. अपूर्णांक येईपर्यंत मुलाला भेटलेली प्रत्येक संख्या आपल्या पायावर उभी असते. पाच म्हणजे पाच, मग पेरू असोत की पेन्सिली. एक छेद दोन मात्र एकटा उभा राहत नाही. लहान भाकरीची अर्धी आणि मोठ्या भाकरीची अर्धी सारखी नसते, हे जेवताना प्रत्येक मुलाला कळते. वहीत मात्र ते विसरले जाते, कारण वहीत भाकरी नसते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले सुरुवातीला छातीठोकपणे सांगतात, की एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा, कारण आठ मोठे. मी लगेच ‘चूक’ म्हणत नाही. विचारते, “दुकानातून पाव किलो शेंगदाणे आणलेस तर जास्त येतील, की अदपाव?” उत्तर क्षणात येते, “पाव किलो! अदपाव तं एवढूसाच असते.” मग मी खडूने दोन्ही फरशीवर लिहिते. पाव किलो म्हणजे किलोचा एक छेद चार, अदपाव म्हणजे किलोचा एक छेद आठ. आता बघा कोण मोठा. मुले गप्प होतात, पुन्हा बघतात आणि एकमेकांना समजावू लागतात. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे वाक्य मला सांगावे लागत नाही. ते कुणीतरी पोरच बोलून जाते.

दुसरी अडचण अंशाधिक अपूर्णांकाची. पाच छेद चार लिहिले की एखादा मुलगा हमखास म्हणतो, “काकू, तुकडे तं चारच केले ना, मग पाच कुठून आणले?” शंका अगदी रास्त आहे. एकाच वर्तुळाचे भाग रंगवून अपूर्णांक शिकवले की ही शंका येणारच. इथेही दुकान कामी येते. सव्वा किलो साखर म्हणजे पाव-पाव किलोच्या किती पुड्या? पाच. मग सव्वा म्हणजेच पाच छेद चार. दीड, अडीच, पावणेदोन ही मापे मुलांच्या कानांवरून रोज जातात. वर्गात मात्र अंश आणि छेद जणू परगावाहून आलेले असतात. ही ओळख करून दिली की निम्मी भीती जाते. त्यानंतर मी फरशीवर शून्यापासून दोनपर्यंत सरळ रेषा आखते आणि मुलांना आपापल्या अपूर्णांकावर उभे करते. पाच छेद चारवाला एकाच्या पुढे जाऊन उभा राहिला, की अपूर्णांक ही सुद्धा संख्याच आहे आणि तिला ठरलेली जागा आहे, हे सगळ्यांना दिसते.

एका मुलीची आजी तिला घ्यायला यायची आणि काठावर बसून ऐकायची. एकदा ती आपणहून सांगू लागली, की त्यांच्या वेळी रुपयाचे सोळा आणे होते. आपल्याकडे दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ पासून, पण आण्यांची भाषा बाजारात पुढे कितीतरी वर्षे टिकली. चार आणे म्हणजे पाव रुपया, आठ आणे म्हणजे अर्धा, बारा आणे म्हणजे पाऊण. आजीला पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढे अजून तोंडपाठ होते. मी सोळा तुरीचे दाणे मांडले आणि मुलांना आजीचा हिशेब करायला लावला. अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा केला की एक दाणा, म्हणजे एक आणा. चार छेद सोळा आणि एक छेद चार एकच, हे त्या दिवशी मुलांनी आजीकडून शिकून घेतले. पुस्तकात त्याला सममूल्य अपूर्णांक म्हणतात.

दाण्यांनंतर कागदाच्या पट्ट्या. घड्या घालून अर्धे, पाव, अष्टमांश पाडणे सोपे, पण तीन किंवा पाच सारखे भाग घड्यांनी नीट होत नाहीत, आणि भाग सारखे नसले तर अपूर्णांकच उरत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे, ती मी सगळ्या मुलांना शिकवते. वहीच्या आखीव पानावर कागदाची पट्टी तिरपी ठेवायची. तिच्या एका कडेचे एक टोक एका रेघेवर आणि दुसरे टोक त्यापुढच्या तिसऱ्या रेघेवर येईल इतकी ती फिरवायची. मधल्या दोन रेघा त्या कडेला जिथे छेदतात तिथे खुणा करायच्या. तीन सारखे भाग बिनचूक मिळतात. पाच हवे असतील तर पाचवी रेघ धरायची. यात खर्च काही नाही, आणि सारखे भाग म्हणजे काय हे बोटांना कळते.

या पट्ट्यांनीच बेरजेतली मोठी चूक सुटते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच, असे मुले लिहितात. वरच्याची वर बेरीज, खालच्याची खाली. मी म्हणते, दोन छेद पाचची पट्टी कापा आणि अर्ध्या पट्टीशेजारी ठेवा. ती अर्ध्यापेक्षा लहान निघते. अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले! हे पाहून मुलेच ओरडतात, “नाही होऊ शकत!” त्या ओरडण्याला मी फार किंमत देते. आपले उत्तर अशक्य आहे हे मुलाला स्वतःला कळले की पुढचा रस्ता ते शोधते. अर्ध्या आणि तिसऱ्या भागाला एकाच मापात आणायचे तर पट्टीचे सहा भाग करावे लागतात. तीन अधिक दोन, म्हणजे पाच छेद सहा. समच्छेद करण्याची रीत त्यानंतर शिकवली तर ती टिकते, कारण ती कशासाठी लागते हे कळलेले असते.

सारख्या भागांविषयी एक गोष्ट मला केळीच्या घडाने शिकवली. आमच्या भागात रावेर, यावल, सावदा म्हटले की केळी. एका मुलाच्या वडिलांनी घड आणून दिला, त्याला नऊ फण्या होत्या. घडाचा एक छेद तीन भाग काढा म्हटल्यावर मुलांनी तीन फण्या काढल्या. बागेत आईबरोबर जाणारी एक मुलगी मात्र थांबली. म्हणाली, “काकू, देठाकडच्या फण्या मोठ्या असतात, शेंड्याकडच्या बारक्या. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन सारख्या कशा?” ती नेमके बोलत होती. फण्या मोजल्या तर तीन म्हणजे एक छेद तीन, वजन केले तर नाही. ‘कशाचा’ हा प्रश्न तिने माझ्याही पुढे नेला होता. भाग मोजायचे तर कशाने मोजायचे, फण्यांनी, केळ्यांनी की किलोने, हे आधी ठरवावे लागते.

आता दुसरा प्रश्न, ‘कशासाठी?’ जवळच्या दहापर्यंत लिहिण्याचा नियम मुलांना पाठ असतो. एककाचा अंक पाच किंवा जास्त असला की वर, कमी असला की खाली. तरीही ३४७ जवळच्या शंभरापर्यंत लिहायला सांगितले की काही हुशार मुले ४०० लिहितात. त्यांचा विचार असा असतो की ३४७ चे आधी ३५० केले, आणि ३५० म्हणजे मधोमध, मग वर गेले. नियम दोनदा लावला आणि उत्तर घसरले. इथेही मी रेषाच आखते. एका टोकाला ३००, दुसऱ्याला ४००, मध्ये ३५०. ३४७ कुठल्या बाजूला आहे? मधल्या खुणेच्या अलीकडे. ३०० पासून ४७, ४०० पासून ५३. म्हणजे ३०० जवळ. नियम विसरला तरी चालेल, रेषा विसरू नका, असे मी मुलांना सांगते. बरोबर मधोमध असलेल्या संख्येचे काय, हा प्रश्न येतोच. दोन्हीकडचे अंतर सारखे, म्हणून तिथे सगळ्यांनी मिळून एक रीत ठरवलेली आहे. जीएसटीच्या कायद्यातही तीच आहे. कराच्या रकमेत ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर पैसे सोडायचे.

पण गणित इथे संपत नाही. मी मुलांना तीन उदाहरणे एकदम देते. दहा भाकऱ्या तिघांत वाटा. दहा माणसांना स्टेशनवर न्यायचे आहे, एका रिक्षात तीनच बसतात, रिक्षा किती लागतील? दहा मीटर कापड आहे, एका पडद्याला तीन मीटर लागते, पडदे किती होतील? तिन्हींत दहा भागिले तीन. भाकऱ्यांचे उत्तर तीन पूर्णांक एक छेद तीन. रिक्षांचे चार, कारण शेवटच्या माणसाला रस्त्यावर सोडता येत नाही. पडद्यांचे तीन, कारण उरलेल्या एक मीटरमध्ये पडदा होत नाही. मुले आधी तिन्हींचे उत्तर ‘३, बाकी १’ लिहितात. ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात राष्ट्रीय चाचणीत असाच प्रश्न विचारला होता. ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? भागाकार पुष्कळांनी बरोबर केला, पण ३२ हे उत्तर चारांतल्या एकानेही दिले नाही. कितीतरी मुलांनी ‘३१, बाकी १२’ असेच लिहून दिले. त्यांनी बारा सैनिकांना मागे ठेवले आणि त्यांना ते कळलेही नाही.

त्याच देशातला आणखी एक प्रश्न मी मुलांना आवर्जून घालते. बारा छेद तेरा अधिक सात छेद आठ यांची बेरीज कशाच्या जवळ आहे? पर्याय चार: १, २, १९, २१. १९७८ च्या सुमारास तिथल्या तेरा वर्षांच्या मुलांपैकी फक्त २४ टक्क्यांनी २ हे उत्तर दिले. १९ आणि २१ निवडणारे त्यांच्याहून जास्त होते. खरे तर यात बेरीज करायचीच नाही. बारा छेद तेरा म्हणजे एकाला किंचित कमी, सात छेद आठही तसाच. दोन मिळून दोनच्या जवळपास. अपूर्णांक आणि अंदाज हे दोन्ही विषय या एका उदाहरणात भेटतात. म्हणून माझ्याकडे प्रत्येक बेरजेआधी मुलांनी समासात अंदाज लिहायचा असतो. अपूर्णांक शून्याजवळ आहे, अर्ध्याजवळ आहे की एकाजवळ, एवढेच पाहायचे. मग रीतीने उत्तर काढायचे आणि दोन्हींची गाठ घालायची. जमली नाही तर कुठेतरी घसरलो आहोत, हे मला विचारायला येण्याआधीच मुलाला कळते.

जवळपासचा आकडा कुठे चालतो आणि कुठे अजिबात चालत नाही, हे मुलांना पटवायला माझ्या यजमानांची नोकरी उपयोगी पडली. सुट्टीच्या दिवशी ते मुलांत येऊन बसले आणि विजेच्या वारंवारितेबद्दल सांगू लागले. सगळ्या देशाची वीज एका जाळ्यात जोडलेली असते आणि त्या जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्‌झच्या आसपास ठेवावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ती खाली येते. नियमाने ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राहायला हवी. त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, ४९.९७ आणि ४९.८८, आणि जवळच्या पूर्ण संख्येपर्यंत लिहायला सांगितले. मुलांनी दोन्हींचे ५० केले. वहीत ते बरोबर आहे, ते म्हणाले, पण कंट्रोल रूममध्ये पहिला आकडा ठीक आणि दुसरा धोक्याच्या बाजूला. दोन्हींना पन्नास म्हणून बसलो तर ते कळणारच नाही. ज्यांचे वडील त्याच केंद्रात कामाला आहेत ती मुले डोळे मोठे करून ऐकत होती. जळगावच्या सराफाचा काटा मिलिग्रॅम का दाखवतो, आणि कोळशाच्या मालगाडीचे वजन ग्रॅममध्ये कुणी का विचारत नाही, याची उत्तरे मग त्यांनीच दिली.

खानदेशातल्या मुलांना गणित परके वाटू नये, असे मला मनापासून वाटते, आणि त्याला कारण आहे. आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळ पाटण नावाचे जुने गाव होते. तिथे सापडलेल्या शिलालेखात नोंद आहे, की थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, अशी नोंद त्यांत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख जगापुढे आणला. गणिताच्या शिक्षणासाठी तेलाचा घाणाही हातभार लावत होता, असा हा मुलूख आहे.

याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’तले भुंग्यांचे उदाहरण मी दरवर्षी मुलांना घालते. भुंग्यांच्या थव्याचा एक छेद पाच भाग एका झाडाकडे गेला, एक छेद तीन दुसऱ्याकडे, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्याकडे, आणि एक भुंगा हवेतच घुटमळत राहिला. तर थव्यात भुंगे किती? बीजगणित मुलांना येत नाही, त्याची गरजही नाही. तुरीचे दाणे पुढ्यात ठेवायचे. यंदा एकाने वीस दाणे घेतले. पाचवा भाग निघाला, तिसरा निघेना. मग कुणी म्हणाले, पाच आणि तीन दोघांनी भाग जाणारी संख्या हवी. तीस घेतले. सहा, दहा आणि फरक चारच्या तिप्पट बारा, मिळून अठ्ठावीस. उरले दोन. एक उरायला हवा होता. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, “दोन उरले म्हणजे दाणे डबल झाले. निम्मे घ्या.” पंधरा घेतले. तीन, पाच आणि सहा, मिळून चौदा. उरला एक. नंतर ती स्वतःच म्हणाली, “साठ घेतले असते तर चार उरले असते.” हे तिला कुणी शिकवलेले नव्हते. उरलेला भुंगा नेहमी थव्याचा एक छेद पंधरा असतो, हे तिने दाण्यांतून पाहिले होते.

अपूर्णांकात आणि अंदाजात अडणारी मुले मंद नसतात. त्यांना नियम आधी मिळतो आणि प्रश्न नंतर, एवढेच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या घाईत पालकही उत्तरपत्रिका उघडून बसतात, बरोबर की चूक एवढे पाहतात आणि रीत पाठ करून घेतात. माझे त्यांना कळकळीचे सांगणे आहे. घरात दाणे आहेत, कागद आहे, आखीव वही आहे, मापे आहेत, आणि आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे आण्यांचा हिशेबही आहे. किराणा आणायला मुलाला बरोबर न्या, बिल येण्याआधी त्याला बेरजेचा अंदाज करू द्या. अपूर्णांकाचे उदाहरण घेऊन ते तुमच्याकडे आले की उत्तर सांगण्याआधी विचारा, ‘कशाचा?’ आकडा जवळपासचा करताना विचारा, ‘कशासाठी?’ आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबा. मूल चुकीचे बोलले तरी ते काय विचार करते आहे हे तुम्हाला कळेल, आणि शिकवायला सुरुवात तिथूनच करता येते.